माळढोकाच्या नावाने

सोलापूर–बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या माळावर आज पाटी आहे, कुंपण आहे, निरीक्षणाचे मनोरे आहेत, वनखात्याचे पहारेकरी आहेत. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला तो माळढोक मात्र जवळजवळ नाही. एखादा चुकार पक्षी दिसलाच तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली हे अभयारण्य जाहीर केले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. गोव्यासारखी दोन राज्ये त्यात मावली असती. सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांतील तालुकेच्या तालुके एका पक्ष्याच्या नावावर लिहिले गेले, आणि चार दशकांनंतर पक्षीही गेला व माळही गेला. एवढ्या मोठ्या अपयशाचा जाब कोणी कोणाला विचारलेला नाही. तो विचारणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे. कारण या प्रश्नाच्या तळाशी जमिनीच्या मालकीचा प्रश्न आहे. पक्षीप्रेम हा त्याचा वरवरचा भाग झाला.

या अपयशाची दोन ठराविक स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले सरकारी कचेरीतले : लोक फार झाले, मेंढरे फार झाली, अतिक्रमणे वाढली, म्हणून पक्षी गेला. दुसरे गावच्या पुढाऱ्याचे : एका पाखरासाठी माणसाला वेठीस धरले, शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करता येईना, तेव्हा माणूस मोठा की पाखरू? ही दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. वास्तविक ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. माणूस आणि माळढोक हे परस्परांचे शत्रू आहेत हे दोघांनीही गृहीत धरले आहे. आणि हे गृहीतकच खोटे आहे.

माळ म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. सोलापूरचा माळ हा उजाड झालेला जंगलाचा तुकडा नव्हे. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरचा लहरी पाऊस, काळ्या कातळावरचा मुरमाड मातीचा पातळ थर, आणि त्यावर कुसळ, पवन्या, मारवेल यांसारखी गवते. मधूनच एखादी बोर, एखादा हिवर किंवा बाभूळ. ही निसर्गाची पूर्ण, स्वतंत्र रचना आहे. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक, पाखुर्डी आणि हिवाळ्यात दूरदेशीहून येणारे भोवत्या ससाणे ही सारी सृष्टी झाडांच्या आडोशाने जगत नाही. मोकळ्या नजरेच्या बळावर जगते. माळढोक हा त्या सृष्टीचा मानकरी. मीटरभर उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत अत्यंत वजनदार म्हणून गणला जाणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि शत्रू दुरून दिसावा यावर आपली सारी भिस्त ठेवतो. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरे आणि शेतातली शेंग हे त्याचे अन्न.

हे अन्न त्याला जसे माळावर मिळे तसेच माळालगतच्या कोरडवाहू शेतात मिळे. रब्बीची ज्वारी, करडई, तूर, हुलगा, मटकी, भुईमूग ही पिके घेणारा शेतकरी, पीक निघालेल्या रानात मेंढरे बसवून त्या खताच्या मोबदल्यात धान्य घेणारा धनगर, आणि त्या दोघांच्या रानांतून किडे टिपीत फिरणारा माळढोक यांची मिळून एक अर्थव्यवस्था होती. ती सुबत्तेची नव्हती, न्यायाची तर मुळीच नव्हती. जातीची उतरंड तिच्यात भरपूर होती. परंतु गवत या एका सामायिक संपत्तीवर ती उभी होती, आणि तेथे माळढोक हा कोणाच्याही वाटेतला काटा नव्हता.

मग या पक्ष्याला मारले कोणी? शिकारीचा ठपका आजही पारध्यावर ठेवला जातो. ज्यांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले, ज्यांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड डांबले, ज्यांची त्या कायद्यातून सुटका व्हायला १९५२ साल उजाडावे लागले, त्यांच्यावर आणखी एक गुन्हा लादायला खर्च काहीच येत नाही. परंतु अहमदनगर भागात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. पोटासाठी फासा लावणाऱ्याने मारलेले पक्षी आणि बंदुकीच्या हौसेखातर मारलेले पक्षी यांचा ताळेबंद मांडला तर गुन्हेगार जमात कोणती, याचा निवाडा वेगळा लागेल. तरीही एवढ्या शिकारीनंतर माळढोक उरला होता. १९६९ साली देशात सुमारे १,२६० पक्षी असल्याचा अंदाज होता. आज तो आकडा दीडशेवर सांगतानाही तज्ज्ञ कचरतात. म्हणजे शेवटचा घाव शिकाऱ्याचा नव्हता. माळच नाहीसा झाला, हा तो घाव होता.

माळ नाहीसा होण्याची सुरुवात एका शब्दापासून झाली. तो शब्द ‘पडीक’. इंग्रजी महसूलव्यवस्थेने जमिनीकडे एकाच प्रश्नाने पाहिले : सारा किती येईल? ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती पडीक, ती खराबा. आजही सातबाऱ्यावर पोटखराबा हा रकाना त्याच दृष्टीची आठवण देत उभा आहे. गवत वाढवणारी, मेंढरू पोसणारी, पाणी मुरवणारी जमीन हिशेबात शून्य ठरली. कारण तिचे उत्पन्न बाजारात विकले जात नव्हते आणि ज्यांच्या पोटात जात होते त्यांना आवाज नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यावर नेमका हाच आरोप ठेवला होता : डोंगर, दऱ्या, पडीत जमिनी आणि गायराने सरकारने गिळली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा ठेवली नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी कायदा मोडला तो गवत कापून. स्वातंत्र्याच्या लढ्यातही गवताला राजकीय अर्थ होता, हे आज विसरले गेले आहे.

स्वतंत्र भारताने पडीक हा शब्द बदलला नाही. त्याला विकासाचे शास्त्र चिकटवले. पडीक जमीन म्हटली की तिचा ‘उपयोग’ करणे ओघानेच आले. १९७० च्या दशकात दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूर भागातील काही माळांवर चराई थांबवून गवत राखले गेले आणि त्याचा माळढोकाला प्रथम लाभही झाला. परंतु त्याच तुकड्यांवर वनखात्याने झाडे लावली, तीही ग्लिरिसिडियासारखी परदेशी. वनखाते म्हणजे झाडे लावणारे खाते, या समजुतीपुढे माळाचे शास्त्र चालले नाही. झाडे वाढली, नजर अडली आणि माळढोक त्या तुकड्यांतून निघून गेला. संरक्षणाच्या नावाखाली संरक्षित प्राण्याचे घर मोडण्याचा असा नमुना क्वचितच सापडेल.

दुसरा आणि मोठा घाव पाण्याच्या वाटपाचा. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरण झाले याबद्दल खंत करण्याचे कारण नाही; १९७२ चा दुष्काळ ज्या जिल्ह्याने खडी फोडून काढला त्याला पाणी हवेच होते. प्रश्न, ते पाणी कोणाच्या रानात गेले हा आहे. आठमाही पिकांना, ज्वारीला, चाऱ्याला, जास्तीत जास्त शेतकऱ्यांना थोडे थोडे पाणी मिळण्याऐवजी ते उसात गेले. राज्याच्या लागवडीखालील जमिनीचा जेमतेम पाच-सहा टक्के भाग व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा पितो. अवर्षणाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात तीसहून अधिक साखर कारखाने उभे राहिले. जेथे उचल करायला पंप होता तेथे माळ फोडला गेला, दगड वेचले गेले, पाइपलाइन आली. ज्याच्याकडे भांडवल होते त्याचा माळ बागायत झाला. ज्याच्याकडे नव्हते त्याचा माळ अभयारण्यात गेला. या वाक्यात सोलापूरच्या गेल्या चाळीस वर्षांचा वर्गीय इतिहास आला.

आता अभयारण्याच्या कल्पनेकडे वळू. राष्ट्रीय उद्यान ही कल्पना जन्मली ती डोंगरात. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि पाठोपाठ तेथे शतकानुशतके वावरणाऱ्या आदिवासी टोळ्यांना बाहेर काढून निसर्ग ‘निर्मनुष्य’ ठरवण्यात आला. भारतात १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, ते आज कॉर्बेटच्या नावाने ओळखले जाते. आपल्या सह्याद्रीत चांदोली अभयारण्य १९८५ साली, राष्ट्रीय उद्यान २००४ साली आणि कोयनेसह व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. तेथील धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त गावकऱ्यांना पुनर्वसनाच्या साध्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे धरणे धरावे लागले. डोंगरातल्या उद्यानाचा साचा ठरलेला आहे : घनदाट जंगल, सरकारी मालकी, नकाशावर स्पष्ट रेघ, रेघेच्या आत प्राणी आणि रेघेच्या बाहेर माणूस. हा साचा डोंगरातही अन्यायकारक आहे. माळावर तर तो निरर्थकच आहे.

कारण माळाला रेघ नसते. माळढोक एका हंगामात नान्नजला, दुसऱ्या हंगामात करमाळ्याच्या किंवा कर्जतच्या रानात. म्हणून नोकरशाहीने रेघच एवढी मोठी आखली की तिच्यात शेते आली, गावे आली, रस्ते आले, बाजार आले. या क्षेत्राचा फार मोठा भाग खाजगी शेतजमीन होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यातील लोकांचे हक्क जिल्हाधिकाऱ्याने तपासून त्यांचा निकाल लावावा, अशी तरतूद आहे. तो निकाल वेळेवर लागला असता तर रेघ तेव्हाच आवरली गेली असती. परंतु कागद पडून राहिले, जमिनीचे व्यवहार अडले, मुलीच्या लग्नासाठी वा दवाखान्यासाठी एकरभर विकू पाहणारा लहान शेतकरी कचेरीच्या पायऱ्या झिजवू लागला. मग त्याच्या मनात माळढोकाबद्दल तिटकारा निर्माण झाला तर दोष कोणाचा? नान्नजच्या माळावरील या पक्ष्याकडे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी जगाचे लक्ष वेधले, तेव्हा माळढोक हा जिल्ह्याचा अभिमान होता. त्याला जिल्ह्याची अडचण बनवण्याचे काम शासनाने केले.

पुढे अनेक वर्षांच्या खटपटीनंतर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. लहान शेतकऱ्याची सुटका झाली हे योग्यच झाले. परंतु त्या वेळी झालेल्या सगळ्या वादात एक प्रश्न कोणत्याही पक्षाने विचारला नाही, डाव्या पक्षांनीही विचारला नाही : सुटलेल्या क्षेत्रातील सार्वजनिक माळांचे, गायरानांचे काय? रेघ पुसल्यावर त्यांच्यावर हक्क कोणाचा? हा प्रश्न अनुत्तरित राहिला आणि बाजाराने आपले उत्तर दिले.

त्या उत्तराचा ताजा अवतार म्हणजे सौरऊर्जा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात शासकीय जमिनी सौर प्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने दिल्या जात आहेत आणि त्यांत गायरानेही आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही मागणी न्याय्य आहे. चळवळीने ती स्वतः केलेली आहे. पण त्यासाठी गायरानच का? धरणांचे कालवे आहेत, शासकीय इमारतींची छपरे आहेत, साखर कारखान्यांची विस्तीर्ण आवारे आहेत. तेथे खर्च थोडा अधिक येईल. गायरान स्वस्त पडते, कारण त्यावर चरणाऱ्या मेंढराचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नाही. राजस्थान-गुजरातेत हाच झगडा विजेच्या तारांवरून झाला. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी उंच तारांवर आपटून मरतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. केंद्र सरकारचा युक्तिवाद हवामानबदल रोखण्याचा होता. भांडवल कोळशाच्या बाजूने असो की सूर्याच्या, किंमत मोजायची वेळ आली की त्याला माळच दिसतो.

आणि या सगळ्यात धनगर कोठे आहे? नावात आहे. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव दिले गेले. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवींचा सन्मान कोणाला नको आहे? परंतु ज्या समाजाने त्यांना जन्म दिला त्याचे चराऊ रान एका हाताने काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पूर्वजांच्या नावाची पाटी लावायची, हा राजकीय चातुर्याचा कळस आहे. पाटीवर मेंढरू चरत नाही. सांगोल्याचा, मंगळवेढ्याचा मेंढपाळ आज रस्त्याच्या कडेने वाडा हाकतो. वनखात्याच्या तुकड्यात शिरला तर दंड, उसाच्या रानाकडे वळला तर काठी, गायरानावर गेला तर काचेचे फलक.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो शत्रूकडून येणार नाही, मित्राकडून येईल. गायरान धनगराच्या मेंढरासाठी राखायचे, तर त्यावर वर्षानुवर्षे कसून पोट भरणाऱ्या भूमिहीन दलिताने जायचे कोठे? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह हा महाराष्ट्राच्या समतेच्या लढ्याचा मानबिंदू आहे. त्या कसणाऱ्यांना हुसकावून माळ वाचवायचा नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. दोन एकर कसणाऱ्या दलित कुटुंबाने माळढोक संपवला नाही. त्याचा हक्क नोंदवून उरलेले गायरान कंपनीला, कारखान्याला, जमिनीच्या दलालाला मिळणार नाही, असा संयुक्त आग्रह धरला तर दलित आणि धनगर एका बाजूला येतात. तो धरला नाही तर शासन त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करील. आजवर नेहमी हेच घडले आहे.

दुसरा आक्षेप असा, की पक्षी तर गेलाच; आता माळ राखून काय मिळवायचे? मिळवायचे पुष्कळ आहे. नान्नजच्या माळावर काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे. जैसलमेरमध्ये माळढोकाची कृत्रिम पैदास २०१९ पासून सुरू झाली आहे. उद्या ते पक्षी मोकळे सोडायचे म्हटले तर सोडणार कोठे? आणि पक्षी परत आला नाही तरी अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाणी मुरवणारी, चारा देणारी, मेंढी पोसणारी जमीन ही दुष्काळाविरुद्धची विमा पॉलिसी आहे. तिचा हप्ता गरीब माणूस भरत आला आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. महसुली दप्तरात माळरान ही स्वतंत्र, उपयुक्त जमीन म्हणून नोंदली जावी; ‘पडीक’ हा शिक्का जावा. ग्रामसभेच्या खुल्या ठरावाशिवाय एक गुंठाही गायरान अन्य कामाला देऊ नये. माळावर लावलेली परकी झाडे काढून गवत पुन्हा आणण्याचे काम रोजगार हमीतून स्थानिक मजुरांना मिळावे. ज्या महाराष्ट्राने १९७९ सालीच, अभयारण्याच्याच वर्षी, रोजगार हमीचा कायदा अंमलात आणला, त्याला हे अशक्य नाही. पावसाळ्यात विणीच्या काळी काही तुकडे बंद आणि काही खुले, अशी चराईची पाळी मेंढपाळांच्या पंचायतीने व वनखात्याने मिळून ठरवावी. कुंपण आणि दंड हा कारभार थांबावा. काळविटांनी ज्वारी खाल्ली तर भरपाई त्याच हंगामात मिळावी. कोरडवाहू ज्वारी-कडधान्य घेणाऱ्याला उसाइतकाच हमीचा आधार मिळावा. कारण लोकांना जगवणारे पीक आणि माळढोकाला जगवणारे पीक एकच आहे. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने लोकांच्या सहभागातून चालणाऱ्या राखीव क्षेत्रांची तरतूद झालेली आहे. तिचा उपयोग करून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती इच्छेची.

हे काम मुंबईच्या मंत्रालयात सुरू होणार नाही. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांतील प्रत्येक गावी पक्षाच्या कार्यकर्त्याने तलाठ्याकडून गायरानाचा उतारा काढावा, मूळ क्षेत्र किती होते, आज किती उरले, उरलेले कोणाच्या ताब्यात आहे, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. ज्या दिवशी धनगर, भूमिहीन आणि कोरडवाहू शेतकरी तो उतारा एकत्र बसून ऐकतील, त्या दिवशी ‘माणूस मोठा की पाखरू’ या प्रश्नाचे पितळ उघडे पडेल. माणूस आणि पाखरू दोघांनाही ज्यांनी माळावरून हुसकावले, त्यांची नावे त्याच उताऱ्यावर आहेत.